फोन वावरात, कळ पुण्यात

दूरचा फोन कॉम्प्युटरवरून चालवायचा म्हटलं की डोळ्यांपुढे एसी खोली, फिरती खुर्ची आणि मोठ्या पडद्यात उघडलेला छोटा मोबाइल येतो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र दुरून चालणारे कितीतरी फोन विहिरीच्या काठावर लोखंडी पेटीत बसलेले आहेत. त्यांना पडदा नाही, कॅमेरा नाही, रिंगटोन नाही. सिमकार्ड आहे, स्वतःचा नंबर आहे आणि मालकाचं ऐकायची सवय आहे. कॉम्प्युटर आणि माउसकडे पुढे वळूच. आधी वावरात जाऊ.

पेटी उघडली की

मोबाइल स्टार्टरची पेटी म्हणजे हिरवं बटण, लाल बटण, दोन-चार मिणमिणते दिवे आणि आत एक छोटी सर्किटची पाटी. पाटीवर सिमकार्डचा खण. पाटीतून निघालेली अँटेनाची काळी वायर पेटीबाहेर येऊन बांबूच्या टोकाला तारेनं बांधलेली, कारण रेंज खाली येत नाही, आपणच वर जायचं असतं. आतल्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास. पालही असतेच. वायरमनला पेटी उघडताना विजेपेक्षा पालीची भीती जास्त वाटते, हे त्याच्या उडीवरून कळतं.

पेटीचं काम तसं सरळ आहे. तुम्ही नंबर लावता, पेटी फोन उचलते, तुम्ही आकडा दाबता, आतला रिले खटकन बसतो आणि मोटार सुरू होते. तीनपैकी एक फेज गायब असेल तर चांगली पेटी मोटार सुरूच करत नाही. विहिरीनं तळ गाठला आणि पंप कोरडा फिरू लागला, तर मोटारीनं ओढलेला करंट घसरतो. तेवढ्यावरून पेटी ओळखते आणि मोटार बंद करते. लाइन आली, गेली, मोटार सुरू झाली, बंद पडली, सगळं कळवते. घरातली माणसंही एवढं सांगत नाहीत.

एका आकड्यात दोन सूर

फोनवर १ दाबला की एक आवाज येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन सूर एकदम वाजतात, एक ६९७ हर्ट्झचा आणि दुसरा १२०९ हर्ट्झचा. प्रत्येक आडव्या रांगेला एक सूर, प्रत्येक उभ्या रांगेला एक. दोन्ही मिळाले की आकडा ओळखला जातो. दोनच सूर का? माणसाच्या बोलण्यात किंवा शिट्टीत नेमकी तीच जोडी सहसा जुळून येत नाही, म्हणून. अमेरिकेत बेल कंपनीनं १९६३ साली ही बटणं ग्राहकांच्या हाती दिली. तिकडे ती डायल फिरवायचे कष्ट वाचवायला आली होती. साठ वर्षांनी दिग्रसच्या एखाद्या वावरात तीच सुरांची जोडी हरभऱ्याला पाणी सोडते.

आजोबांच्या खेपांतून निघालेलं यंत्र

ही कल्पना बाजारात रुजवणाऱ्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं नाव ठळक आहे. म्हातारे आजोबा नुसती मोटार चालू-बंद करायला पुन्हा पुन्हा शेतात खेपा घालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून त्यांच्या ‘ओसियन अॅग्रो ऑटोमेशन’ कंपनीचं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र पुढे आलं. २००९ साली नोकियानं भरवलेल्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. स्पर्धेचं नाव ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’. जगभरातून आलेल्या चकचकीत कल्पनांमध्ये विहिरीवरची मोटार पुढे निघाली, याचा मला अजून आनंद होतो.

मिसकॉल मार!

सगळ्यात स्वस्त रिमोट कोणता? मिसकॉल. काही पेट्या फोन उचलतही नाहीत. नंबर ओळखीचा दिसला की काम करून मोकळ्या. कॉलला पैसे पडायचे त्या काळात भारतीयांनी मिसकॉलची आख्खी सांकेतिक लिपी तयार केली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. बेंगळुरूच्या ‘झिपडायल’ कंपनीनं याच सवयीचा धंदा केला आणि २०१५ च्या जानेवारीत ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली. आता कॉल फुकट झालेत, तरी वावरात मिसकॉल टिकून आहे. अॅप नको, इंटरनेट नको, पासवर्ड विसरायची सोय नको. माझ्या मते दुरून चालवायच्या यंत्रात जितके सुटे भाग कमी, तितकं ते पावसाळ्यात जास्त टिकतं, आणि मिसकॉलला सुटा भागच नाही.

सिमची कटकट

पेटीतलं सिम बोलत नाही, रील पाहत नाही, तरी त्याला रिचार्ज लागतो. रिचार्ज संपला की मोटार ठणठणीत, वीज ठणठणीत, विहीर भरलेली, आणि पाणी बंद. दुसरी गंमत म्हणजे जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू होतं, त्यात २जी नाहीच. म्हणून जुन्या २जी पेटीत जिओचं सिम घातलं तर पेटी ढिम्म. घरातल्या चार माणसांचं एक नेटवर्क आणि पेटीचं दुसरं, असा प्रकार त्यामुळेच दिसतो. आणि यंत्रांनी आपसात बोलावं म्हणून जी खास सिमकार्डं असतात, त्यांना भारतात दहा नव्हे तर तेरा आकड्यांचा नंबर असतो. २०१८ पासून तसा नियम आहे. माणसांचे नंबर माणसांपुरते राहावेत म्हणून.

रात्रीची लाइन आणि वाघ

आता खरी गोष्ट. अनेक ठिकाणी शेतीपंपाला थ्री फेज वीज आलटून-पालटून मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की रब्बीचं ओलित रात्रीच. रात्रीच्या ओलितात साप-विंचवाचं भय सगळीकडेच. पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, झरी भागात त्यात वाघाची भर.

टी-१ म्हणजे अवनी वाघिणीची दहशत या भागानं अनुभवली आहे. तिला शोधायला कॅमेरा ट्रॅप लावले, ड्रोन उडवले, हत्ती आणले. इतकंच काय, तिला कॅमेऱ्यासमोर ओढून आणायला ‘ऑब्सेशन’ नावाचं महागडं परदेशी पुरुषी अत्तरही जंगलात शिंपडलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती मारली गेली. तिला मारायला हवं होतं का, हा वाद अजून शमलेला नाही आणि या चटपटीत पानावर तो मिटणारही नाही. पण त्या दिवसांत अंधारात मोटार सुरू करायला जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. गावातल्या खाटेवर पडल्या पडल्या मोटार सुरू होणं हा तिथे आळसाचा प्रकार नाही.

अर्थात मोबाइल स्टार्टर मोटार सुरू करतो, पाणी वळवत नाही. पाट फोडायला, स्प्रिंकलरचे पाइप उचलायला माणूस लागतोच. म्हणून माझं मत असं की पेटी कितीही हुशार केली, तरी मूळ दुखणं विजेच्या वेळेचं आहे. दिवसा वीज मिळाली तर निम्मी हुशारी लागणारच नाही. सौर पंपांनी त्या दिशेला पाऊल टाकलं आहे, सूर्य काही रात्रपाळी करत नाही. आणि ‘पीएम-कुसुम’मधल्या सौर पंपांना दुरून देखरेख करणारी यंत्रणा बसवायची अट आहे. म्हणजे तिथेही सिमवाली पेटी आलीच. फरक इतकाच की पंप किती चालला हे आता शेतकऱ्याबरोबर लांबच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरलाही दिसतं.

सगळे एकदम सुरू झाले तर?

मोबाइल स्टार्टरचा एक अडाणी चुलतभाऊ आहे, ऑटो स्विच. त्याला फोनबिन लागत नाही. लाइन आली की तो मोटार सुरू करतो, मालक झोपला असला तरी. एकट्यासाठी झकास. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस मोटारी असल्या आणि सगळ्यांना ऑटो स्विच असला, तर लाइन येताच वीसही मोटारी एकाच क्षणी उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीला हा धक्का सोसत नाही. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळतो. मग नवा डीपी येईपर्यंत वीसही वावरं कोरडी. म्हणून महावितरण दर रब्बीत विनवत असतं, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटर बसवला की लाइनवरून येणारा करंट कमी होतो आणि व्होल्टेज सावरतं. पण बसवलेला जळाला की बदलायला मात्र सगळे विसरतात.

गळ्यात पट्टा, कॉम्प्युटरवर वाघ

याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. पट्ट्यातलं यंत्र उपग्रहाकडून आपली जागा घेतं आणि दूरच्या कॉम्प्युटरला कळवतं. जूनमध्ये पठ्ठ्या निघाला. नांदेड, आदिलाबाद, हिंगोली अशी मुशाफिरी करत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी मिळून सुमारे तीन हजार किलोमीटरची पायपीट आणि पाच हजारांवर नोंदी. ‘वॉकर’ हे नाव त्याला यावरूनच पडलं. एवढ्या वाटेत त्यानं शेतं, रस्ते, ओढे, वस्त्या पार केल्या, बहुतेक वेळा कोणालाही न दिसता. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा पट्टा निघाला. अशा काही पट्ट्यांना रिमोटनं सुटणारी कडी असते. कळ दाबली की पट्टा गळून पडतो, वाघाला पुन्हा बेशुद्ध करावं लागत नाही.

हे सुरू कोणी केलं?

तारेशिवाय दुरून यंत्र चालवण्याची सुरुवात म्हटली, तर घाईघाईत दोन नावं. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडून, तारेशिवाय घंटा वाजवली आणि बारूद पेटवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात छोटी होडी रेडिओनं चालवली. बघ्यांचा विश्वास बसेना.

आणि याच्या उलट टोकाचा नमुना घरचाच. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, आणि वाटेतलं फाटक आलं की गाडी थांबवून गाडीवरचाच माणूस खाली उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडायचा आणि पुन्हा चढायचा. रिमोटचं नावही नाही, तरी कोणाला घाई नव्हती.

आता कॉम्प्युटरकडे

अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरवरून चालवायचा तर आधी एक दडवलेलं दार उघडावं लागतं. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधायचा आणि त्यावर सात वेळा टिचकी मारायची. सातव्या टिचकीला फोन सांगतो की आता तुम्ही ‘डेव्हलपर’ झालात. इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्यांनी घातली त्यांना हा अपमान वाटू शकतो. त्या दारामागे ‘यूएसबी डीबगिंग’ नावाचं बटण असतं. ते चालू केलं, केबल जोडली आणि ‘scrcpy’ (स्क्रीन कॉपी) नावाचा फुकट प्रोग्राम चालवला की फोनचा पडदा कॉम्प्युटरवर हजर. माउसनं टिचक्या मारा, कीबोर्डनं टाइप करा. फ्रान्समधल्या जेनीमोबाइल कंपनीत रोमाँ विमाँ यांनी तो लिहिला आणि २०१८ साली खुला केला. फोनमध्ये वेगळं अॅप टाकावं लागत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य.

याचा खरा उपयोग फोन पडल्यावर कळतो. डिस्प्ले काळाठिक्कर, पण फोन आत जिवंत. डीबगिंग आधीच चालू असेल आणि त्या कॉम्प्युटरला परवानगी दिलेली असेल, तर फोटो, नंबर, सगळं बाहेर काढता येतं. आधीच चालू नसेल तर हा उपाय चालत नाही, कारण ते चालू करायला तोच फुटका डिस्प्ले लागतो! डिस्प्ले दिसतोय पण टच मेलाय, अशी अवस्था असेल तर आणखी सोपं. छोटा ओटीजी जोड घ्यायचा, त्यात कॉम्प्युटरचा माउस खुपसायचा. फोनवर बाण उमटतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे पहिल्यांदा पाहणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

“हे आपलं आपणच सरकून राह्यलं!”

मुलगा हिंजवडीला, बाबा दारव्ह्याला. बाबांच्या फोनमध्ये अर्ज भरायचा आहे. मग ‘एनीडेस्क’ किंवा ‘टीमव्ह्यूअर’ येतं.

“बाबा, पडद्यावर आकडे आले ना? ते वाचा. आणि आता कायलेच हात लावू नका.”

“मी कुठं लावून राह्यलो? हे आपलं आपणच सरकून राह्यलं!”

इथे एक गंमत. बाबांचा आठ हजारांचा अँड्रॉइड मुलाला दुरून चालवता येतो. आत्याचा लाखाचा आयफोन मात्र अशा अॅपमधून नुसता पाहता येतो, चालवता येत नाही. ॲपल परवानगीच देत नाही. २०२४ पासून आयफोन मॅक कॉम्प्युटरवरून चालवायची सोय आली, पण मालक एकच हवा, फोन जवळ आणि कुलूपबंद हवा. कोणी फोन हातात घेऊन उघडला की कॉम्प्युटरवरचा खेळ थांबला. आणि बँकेचं अॅप उघडलं की पाहणाऱ्याला बहुधा काळा पडदा दिसतो. तो बिघाड नाही, अॅपनं मुद्दाम ओढलेला पडदा आहे.

लग्नाला यायचं हं

बँकेनं पडदा ओढला तरी चोराला खिडक्या ठाऊक असतात. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते. पण तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. म्हणजे ती पत्रिका नसून अॅप असतं. उघडलं की ते परवानग्या मागतं, त्यात ‘अॅक्सेसिबिलिटी’ नावाची एक. ही सोय मुळात अंध आणि अपंग माणसांना फोन वापरता यावा म्हणून केलेली. पडद्यावरचं वाचता येतं, वापरणाऱ्याच्या वतीनं बटणं दाबता येतात. चोराला आणखी काय हवं? रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच एनीडेस्कचा आकडा अनोळखी माणसाला सांगण्यावरून बँकांना सावध केलं होतं. अॅप वाईट नाही, मुलगाही तेच वापरतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन लावायचा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकलेला.

झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं व्हॉट्सअॅप

तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज घडणारा प्रकार. सातबाऱ्याची प्रिंट हवी, फाइल व्हॉट्सअॅपवर आहे. दुकानदार म्हणतो, स्कॅन करा. चौकोन स्कॅन होतो, प्रिंट निघते, दहा रुपये दिले, गिऱ्हाईक गावाच्या एसटीत. आणि व्हॉट्सअॅप दुकानातच! २०१५ च्या जानेवारीत व्हॉट्सअॅप वेब आलं तेव्हा निदान फोनचं नेट चालू असावं लागायचं. २०२१ पासून तेही नको. फोन बंद असला तरी कॉम्प्युटरवर मेसेज येत राहतात. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला, तर तुमचा फॅमिली ग्रुप एखाद्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ असण्याची शक्यता आहे.

जिथे रिमोट चालत नाही

सरकारनं मात्र एक अॅप असं काढलं की घरबसल्या भरायची सोयच नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी. वावरात जाऊन, पिकाचा फोटो काढून, जागेसह नोंद करायची. पुण्यातल्या मुलाला इथे पुण्यातून काहीच करता येत नाही. पऱ्हाटीत उभं राहून रेंज शोधत फोन आभाळाकडे धरलेली माणसं दिसली, तर ती बहुधा पाऊस मागत नसतात.

अंतराळातला फोन

सगळ्यात लांबून चालवलेला स्मार्टफोन? २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून आपलं पीएसएलव्ही-सी२० उडालं. त्यात ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाशी जोडलेला ‘स्ट्रँड-१’ नावाचा इवलासा उपग्रह होता आणि त्याच्या पोटात गूगलचा साधा, दुकानात मिळणारा नेक्सस वन फोन. अंतराळात पोचलेला तो पहिला स्मार्टफोन उपग्रह मानतात. त्यातलं एक अॅप तर किंकाळीच्या आवाजावर होतं, निर्वात पोकळीत ती ऐकू येते का ते तपासायला. पृथ्वीवरच्या कॉम्प्युटरवरून त्याला हुकूम जायचे. त्याच वर्षी नासानंही फोनवर बेतलेले चिमुकले उपग्रह सोडले.

हरवला? वाजवा!

शेवटची सोय सगळ्यांच्या कामाची. फोन सापडत नसेल तर कोणत्याही कॉम्प्युटरवर आपलं गूगल खातं उघडून फोन शोधायची सोय वापरायची आणि ‘वाजवा’ म्हणायचं. फोन सायलेंटवर असला तरी पूर्ण आवाजात पाच मिनिटं बोंबलतो. अट एवढीच की तो चालू हवा आणि नेट हवं. कापूस वेचणीच्या दिवसांत घराघरात कापूस भरलेला असतो. माणसं त्यावर लोळतात, पोरं उड्या मारतात आणि खिशातले फोन आत गडप होतात. कापसाच्या गंजीतून दबका आवाज येतो, पण नेमका कुठून ते कळत नाही. पाच मिनिटांत नाही मिळाला तर पुन्हा कळ दाबायची. गंजी उपसायला मात्र उड्या मारणारी पोरंच कामाला लावा.